स्वतःच्या तासाचा व्हिडिओ बघितला आणि झोप उडाली, आता याचं करू काय?

तिसरीचौथीच्या_बाई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचून जाते, आज पहिल्यांदाच लिहितेय त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

सातारा जिल्ह्यात जि.प.ची दोन शिक्षकी शाळा. सर पहिली-दुसरी बघतात, माझ्याकडे तिसरी-चौथी एकाच खोलीत, दोन्ही मिळून पट १९. गेल्या शिक्षण परिषदेत (आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या शिक्षकांची बैठक) केंद्रप्रमुख साहेब म्हणाले की दरवेळी पडद्यावर बाहेरचेच व्हिडिओ बघतो, पुढच्या वेळी आपल्याच केंद्रातल्या कुणीतरी आपल्या तासाचं शूटिंग करून आणा, सगळे मिळून बघू. सगळ्यांनी माना खाली घातल्या, अगदी पाढे विचारल्यावर पोरं घालतात तशा, आणि मी का कुणास ठाऊक हो म्हणून बसले.

मंगळवारी मोबाईल बाजूच्या कपाटावर गणितपेटीला टेकवून ठेवला आणि तिसरीचा हातच्याच्या वजाबाकीचा तास घेतला. ३४ मिनिटं. पहिली पाच मिनिटं पोरं कॅमेऱ्याकडे बघून केस नीट करत होती, मग विसरली. मीपण विसरले. रात्री सगळं आवरून बघायला बसले आणि खरं सांगते, दहा मिनिटांत बंद केला. हा आवाज माझा आहे यावर विश्वासच बसेना, इतकी कर्कश बोलते मी? दुसऱ्या दिवशी धीर करून पुढचा बघितला. "समजलं का?" हे मी ३४ मिनिटांत ४१ वेळा म्हणाले, मोजलं, आणि ४१ वेळा "होऽऽऽ" आलं. चौथीला पाच गणितं घालून दिली होती ती त्यांनी कधीच संपवली होती आणि नंतर अकरा मिनिटं ती पोरं नुसती बसलीत, एक जण खिडकीतून शेळी बघतोय, मला पत्ताच नाही.

पण झोप उडाली ती वेगळ्याच गोष्टीने. फळ्यावर ५२ वजा २७ होतं. एका पोराला उठवलं, तो म्हणाला ३५. मी लग्गेच "नाही, नीट बघ" म्हणून पुढच्या मुलीला विचारलं, तिने २५ सांगितलं, मी "शाब्बास, समजलं का सगळ्यांना?" म्हणत फळ्याकडे वळले. आणि मी वळल्यावर मागे, व्हिडिओत स्पष्ट दिसतंय, चार पोरं खोडरबर काढून वहीतलं खोडतायत. घाईघाईने, शेजाऱ्याकडे बघत. म्हणजे त्या चौघांचंही ३५ च आलं असणार ना? नंतर मी वह्या तपासल्या तेव्हा सगळीकडे २५, सगळ्यांना बरोबरच्या खुणा, माझ्याच लाल पेनाने.

तर विचारायचं असं की हा व्हिडिओ आता बघायचा कसा, म्हणजे नुसतं स्वतःला शिव्या घालून काय उपयोग, यातून काही शिकायचं असेल तर नेमकं काय बघतात? आणि परिषदेत हा असाच दाखवू की दुसरा चांगला तास तयारी करून शूट करू? कुणी असं केलंय का नियमित? प्लीज सांगा, परिषद पुढच्या आठवड्यात आहे.

माणदेशी_मास्तर

बाई, आधी हे सांगतो की पहिल्यांदा सगळ्यांना असंच होतं. मी २०१९ ला पहिल्यांदा केला तेव्हा दोन दिवस बायकोशी पण कमी बोललो, आवाज आवडेना म्हणून 😄 मग हळूहळू सवय होते, आपला आवाज, आपलं पोट, शर्टाची बाही, हे सगळं दिसायचं बंद होतं आणि मग खरं बघणं सुरू होतं.

मला पहिल्या व्हिडिओत काय सापडलं सांगू का, अख्ख्या तासात मी डाव्या हाताच्या पोरांना एकही प्रश्न विचारला नव्हता. एकही! उजवीकडे खिडकी, उजेड तिकडून, त्यामुळे मी तिकडेच तोंड करून उभा राहतो. बारा वर्षं नोकरी झाली होती आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं, सांगणार कोण, वर्गात मी एकटाच मोठा माणूस.

एक युक्ती सांगतो, आवाज पूर्ण बंद करून बघा एकदा. आपलं बोलणं ऐकू आलं की आपण त्याच्याच मागे जातो. आवाज नसला की फक्त पोरं दिसतात. मग दुसऱ्यांदा स्क्रीन पालथी ठेवून फक्त ऐका, भांडी घासताना ऐकलं तरी चालतं.

मोबाईल फळ्याच्या बाजूच्या कोपऱ्यात ठेवून पोरांकडे तोंड करा, तुमच्याकडे नको. तुमची पाठ दिसली तरी चालेल, त्यांचे हात दिसले पाहिजेत. क्वालिटी ७२० ला ठेवा नाहीतर अर्ध्या तासात स्टोरेज भरतं. फ्लाइट मोड टाका, मधेच कुणाचा फोन आला की रेकॉर्डिंग बोंबलतं. आणि पत्र्याची खोली असेल तर पावसात नादच करू नका, काही ऐकू येत नाही.

निवृत्त_प्राध्यापक

मॅडम, आपण जे मोजलंत त्याला आमच्या काळात संशोधन म्हणत असू! गंमत नाही करत.

मी अध्यापक महाविद्यालयात तीस वर्षं काढली. सूक्ष्म अध्यापन, म्हणजे शिकाऊ शिक्षकाने छोट्या पाठाचा सराव करायचा, ते सगळ्यांनी केलंच असेल, ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते सांगणं), १२ मिनिटं पुनर्नियोजन, मग पुन्हा ६ आणि ६, एकूण ३६ मिनिटांचं चक्र. पण हे मुळात सुरू झालं १९६३ च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात, ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे, आणि त्यात कॅमेरा होता. शिकाऊ शिक्षकाने आपला पाठ स्वतः पडद्यावर बघायचा हा त्यातला एक मोठा भाग. आपल्याकडे ते आलं तेव्हा कॅमेरे कुठून आणणार, मग आपण काय केलं, वर्गमित्रांनाच विद्यार्थी म्हणून बसवलं आणि मागे दोघांच्या हातात निरीक्षण तक्ता दिला. प्रश्न कौशल्य, फलक लेखन, चेतक बदल (म्हणजे आवाज, हावभाव, हालचाल बदलत राहणं), प्रत्येकासमोर खुणा करत बसायचं. बावीस-तेवीस वर्षांची मुलं-मुली पाचवीतली पोरं असल्याचं सोंग करायची आणि मुद्दाम चुकीची उत्तरं द्यायची. त्यात आम्ही शिक्षकाला घडवलं म्हणायचं. खरी पोरं कशी चुकतात ते त्यात कधीच दिसलं नाही, तुमच्या त्या चौघांसारखी खोडरबर घेणारी तर नाहीच नाही.

दोन गोष्टी तुमच्या कामाच्या. नेड फ्लँडर्स म्हणून एक अमेरिकन शिक्षण-संशोधक होते, त्यांनी वर्गातल्या बोलण्याचे दहा प्रकार पाडले आणि दर तीन सेकंदांनी कुठला प्रकार चाललाय त्याचा आकडा लिहायचा. त्यांचा दोन-तृतीयांशचा नियम बी.एड.च्या परीक्षेत हमखास यायचा: वर्गात दोन-तृतीयांश वेळ कुणीतरी बोलत असतं, त्यातला दोन-तृतीयांश वेळ शिक्षकच बोलतो, आणि त्यातलंही दोन-तृतीयांश म्हणजे सांगणं, सूचना, टीका. तुम्ही दहा प्रकार करत बसू नका, फक्त तीन करा: मी बोलतेय, मूल बोलतंय, शांतता. पाच मिनिटांचा तुकडा घ्या आणि कागदावर रेघा मारा.

दुसरं म्हणजे शांतता. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, "माहीत नाही" कमी होतं, एरवी गप्प बसणारी मुलं बोलतात. आणि लोक नेमकं विसरतात ते असं की त्यांनी दोन थांबे सांगितलेत, एक प्रश्नानंतर आणि दुसरा मुलाच्या उत्तरानंतर. तुमच्या ३५ वाल्या प्रसंगात गेला तो दुसरा.

खडू_आणि_वैताग

सगळे छान छान सांगायलेत म्हणून मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका ताई.

दाखवू नका. स्वतःपुरता बघा, शिका, डिलीट करा. आज केंद्रप्रमुख साहेब चांगले आहेत म्हणून प्रेमाने मागतायत. उद्या बदली होऊन दुसरे येतील, मग त्याचा तक्ता निघंल, महिन्याला एक व्हिडिओ, अमुक लिंकवर अपलोड करा, न केलेल्यांची यादी ग्रुपवर. आपल्याकडं कुठलीही चांगली गोष्ट अशीच मरते की नाही सांगा. वृक्षारोपण केलं, फोटो टाका. हात धुतले, फोटो टाका. पोरांना शिकवायचं सोडून आपण फोटोग्राफर झालोय आधीच.

आणि व्हिडिओ एकदा ग्रुपवर गेला की गेला. त्यातला बारा सेकंदाचा तुकडा कापून कुणी फिरवला की "बघा जि.प.चे मास्तर" म्हणून गावभर. आमच्या तालुक्यात एका बाईंचं असंच झालं, त्या पोराला प्रेमानंच रागवत होत्या, आधीचं नंतरचं काहीच नाही, नुसता तेवढाच तुकडा. त्यांनी नंतर शाळा बदलून घेतली.

दुसरा प्रकार म्हणजे नाटक. तयारी करून शूट करू का असं विचारलंय तुम्ही, ते तर अजिबात नको. मी स्पर्धेसाठीचे व्हिडिओ बघितलेत, पोरं इस्त्रीचे कपडे घालून, प्रत्येक पोराचं उत्तर पाठ, मागं म्युझिक. ते बघून कोण काय शिकणार? हेच की आपली पोरं तशी नाहीत.

केंद्रातला_माणूस

वैताग सर, मी केंद्रप्रमुखच आहे, त्यामुळे थोडं लागलं पण खोटं नाही बोलत तुम्ही 🙏

माझ्या केंद्रात आम्ही दोन वर्षं हे करतोय आणि पहिले तीन प्रयोग पूर्ण फसले, ते सांगतो म्हणजे तुमच्या साहेबांना उपयोगी पडेल. पहिल्या वेळी एका सरांचा अख्खा ४० मिनिटांचा तास लावला. पंधराव्या मिनिटाला मागची लाईन मोबाईलमध्ये, शेवटी सगळे "खूप छान सर, आवाज स्पष्ट, फलक लेखन सुंदर" आणि चहा. दुसऱ्या वेळी मी म्हटलं नुसतं कौतुक नको, सुधारणा सांगा, तर लोकांनी असं सोललं त्या मॅडमना की त्या रडायच्या बाकी राहिल्या. फळ्यावर तारीख नाही इथपासून सुरुवात. म्हणजे एकतर सत्यनारायण नाहीतर पोस्टमॉर्टेम, मधलं काही आपल्याला येतच नाही. तिसऱ्या वेळी कुणी व्हिडिओच आणला नाही.

मग मी माझाच तास घेतला, एका शाळेत जाऊन चौथीला अपूर्णांक शिकवले आणि तो लावला. वाईट झाला होता तो तास. तिथून जरा गाडी रुळावर आली.

आता आमच्याकडे असं चालतं की तुकडा तीन ते पाच मिनिटांचाच, तो कुठला ते शिक्षकच ठरवणार, पेनड्राइव्ह त्यांचाच आणि संपल्यावर तो त्यांच्याच खिशात जाणार. मी कॉपी घेत नाही, शेरेबुकात एक अक्षर लिहीत नाही. लावायच्या आधी तो शिक्षक एक प्रश्न सांगतो, उदाहरणार्थ "या मुलीला काय कळलंय आणि काय नाही हे मला समजत नाहीये". बाकीच्यांनी फक्त त्यावर बोलायचं. "सरांनी असं करायला हवं होतं" असं कुणी सुरू केलं की मी थांबवतो आणि विचारतो, पोराने काय केलं ते सांगा, कितव्या मिनिटाला. सुरुवातीला लोकांना बोलताच येत नव्हतं हो. पोरांबद्दल बोलायची सवयच नाही आपल्याला, सगळं शिक्षकाबद्दल.

तुमच्याकडे तर तयार तुकडा आहे, ३५ ते खोडरबर. दीड मिनिट असेल. माझ्या केंद्रात असता तर मी तेवढाच मागितला असता.

काळा_कोट_पालक

मी शिक्षक नाही, दोन मुलांची आई आणि वकील. मुद्दा फक्त एकच पण महत्त्वाचा. व्हिडिओत मुलं आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक धरलाय आणि त्यांच्या डेटासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, ही त्यातली दिशा आहे. कलमांचा कीस इथे पाडत नाही, पण कायदा बाजूला ठेवला तरी माझ्या मुलाचं चुकीचं उत्तर तीस अनोळखी माणसं पडद्यावर बघणार असतील तर मला आधी विचारावं एवढी अपेक्षा आहेच.

पालकसभेत सरळ सांगा की कशासाठी, कोण बघणार, कधी पुसणार. लेखी सही घ्या, मराठीत, दोन ओळींत. एखाद्याने नाही म्हटलं तर त्या मुलाला वर्गाबाहेर काढायचं नाही, कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला बसवायचं. आणि व्हॉट्सॲपवर काहीही टाकू नका, अगदी शिक्षकांच्या ग्रुपवरही.

शिकागोची_मावशी

काय सुंदर धागा आहे! मी मूळची सांगलीची, गेली सतरा वर्षं शिकागोच्या बाजूला मिडल स्कूलला गणित शिकवते, त्यामुळे इकडचं थोडं सांगते, मराठीत लिहायची सवय मोडलीय, चुका पोटात घाला.

इथे शिक्षकांसाठी नॅशनल बोर्ड म्हणून एक सर्टिफिकेशन असतं, ऐच्छिक आहे, पण मी केलं. त्यातल्या एका भागात आपल्याच वर्गाचे १० ते १५ मिनिटांचे दोन व्हिडिओ द्यायचे, सलग, मध्ये कट चालत नाही, आणि सोबत लेखी विवेचन. वकीलताई म्हणतात तसं दिसणाऱ्या प्रत्येक मुलाचा सहीचा फॉर्म. मी पहिल्यांदा माझा बेस्ट तास निवडला, सगळी मुलं फटाफट बरोबर. लिहायला बसले आणि लिहायला काहीच नव्हतं!! मुलं बरोबर, मी बरोबर, संपलं. मग कपाळावर हात मारून एक अडखळलेला तास घेतला, तर पानं पुरेनात.

आमच्या इथून जवळच नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ आहे, तिथल्या मिरियम शेरिन आणि त्यांच्या बरोबर एलिझाबेथ व्हॅन एस यांनी व्हिडिओ क्लबवर बरंच काम केलंय. केंद्रप्रमुख साहेब, तुम्ही करताय तेच ते! शिक्षक महिन्याला जमतात, एकमेकांच्या वर्गाचे छोटे तुकडे बघतात. त्यांना दिसलं ते असं की सुरुवातीच्या बैठकांत सगळे शिक्षकाबद्दल बोलतात आणि चांगलं-वाईट ठरवत बसतात, आणि वर्षभरात बोलणं सरकत सरकत मुलांच्या विचाराकडे जातं. आपोआप नाही जात, कुणीतरी सारखं विचारावं लागतं की तो असं का म्हणाला असेल.

आणि ते ३५ वाचून मला एक जुना व्हिडिओ आठवला, शिक्षक-प्रशिक्षणात इथे फार दाखवतात. डेबरा बॉल म्हणून प्राध्यापिका, त्या स्वतः मिशिगनमधल्या ईस्ट लान्सिंगच्या एका शाळेत तिसरीला रोज गणित शिकवायच्या आणि १९८९-९० चं वर्ष त्यांच्या वर्गाचं रेकॉर्डिंग केलं गेलं. जानेवारी १९९० मधल्या एका तासाला एक मुलगा, शॉन म्हणतात त्याला, उठून म्हणतो की ६ ही संख्या सम पण आहे आणि विषम पण. आपण काय केलं असतं? "नाही, नीट बघ." बाईंनी नाही म्हटलं तसं. त्या थांबल्या, त्याला बोलू दिलं. तर त्याचं म्हणणं होतं की सहात दोनाचे तीन गट होतात, आणि तीन विषम आहे. बाकीची मुलं तुटून पडली त्याच्यावर, एक मुलगी फळ्याशी येऊन म्हणाली मग दहाला पण तेच म्हणशील का? तो म्हणाला, अरे हो, थँक यू, दहा पण तसाच! शेवटी वर्गाने अशा संख्यांना त्याचंच नाव दिलं. आता बाईंनी हे करायला हवं होतं का यावर इथले शिक्षक अजून भांडतात, काही म्हणतात मुलांचा गोंधळ वाढवला. मला स्वतःला तो वेळ थोडा जास्तच वाटतो, माझा ४२ मिनिटांचा पिरियड असतो, मी नसता दिला. पण व्हिडिओ नसता तर भांडायला काय होतं?

वैताग सरांच्या भीतीबद्दल एक. २०१३ मध्ये हार्वर्डच्या दोघांनी फ्लोरिडातल्या एका काउंटीच्या ६७ शिक्षकांचे तास तपासून घेतले, त्यात शिक्षकांनी स्वतः निवडलेले तास आणि न निवडलेले असे दोन्ही होते. निवडलेल्यांना गुण जास्त पडले हे उघडच आहे, पण शिक्षकांचा आपापसातला क्रम जवळपास तोच राहिला. म्हणजे कुठला तुकडा दाखवायचा ते शिक्षकालाच ठरवू दिलं तर साहेबांचं काही जात नाही.

हो आणि १९९५ ला टिम्स नावाच्या, गणित-विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात जर्मनी, जपान, अमेरिका इथले आठवीच्या गणिताचे २३१ तास शूट केले होते, १९९९ ला परत, सात देशांत ६३८. त्या दुसऱ्यात अमेरिकेबद्दल जे निघालं ते वाचून मी पहिल्यांदा स्वतःचा कॅमेरा लावला: विचार करायला लावणारी गणितं आमच्या तासांत होती, पण शिकवता शिकवता शिक्षक त्याची पायरी-पायरीची कृती करून टाकतात, विचार करायचा जवळजवळ उरतच नाही. मी म्हटलं छे, मी नाही तसं करत. कॅमेरा लावला. करत होते.

खडू_आणि_वैताग

मावशी, फ्लोरिडाचं फ्लोरिडात. पण केंद्रातला माणूस म्हणतात तसं पेनड्राइव्ह आपल्याच खिशात राहणार असंल तर मी विरोध मागं घेतो. अर्धा.

तिसरीचौथीच्या_बाई

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, उत्तर द्यायला दहा दिवस लागले, मध्ये परिषद झाली आणि त्याआधी मी एक उद्योग करून बसले तो सांगते.

आधी पालकसभा घेतली, पंधरा सह्या लगेच झाल्या, दोघे ऊसतोडीला गेलेत त्यांना फोन केला, आल्यावर सही देतो म्हणाले, पण तोवर त्यांच्या पोरांना फळ्याच्या कडेला, कॅमेऱ्याच्या मागे बसवायचं ठरवलं. आजीने एका पोराच्या "कशाला ते फोटू" म्हणून नाहीच म्हटलं, तोही तिकडेच. आणि एक आई म्हणाली व्हिडिओत माझी पोरगी बोलते का ते सांगा, घरी तर बोलत नाही. ते बघितल्यावर कळलं की ती खरंच बोलत नाही, माझ्याही लक्षात आलं नव्हतं. तो विषय वेगळा, त्यावर नंतर लिहीन.

मग मास्तरांनी सांगितल्यासारखा मोबाईल फळ्याच्या कोपऱ्यात ठेवून परत वजाबाकी घेतली, यावेळी ६३ वजा २८. ठरवलं होतं की कुणी काहीही सांगितलं तरी आतल्या आत पाच मोजायचे. तुम्ही करून बघा, पाच मोजणं म्हणजे काय छळ असतो ते. दोन ला माझं तोंड उघडतंय हे व्हिडिओत दिसतं, मी चक्क ओठ दाबून धरलेत. तोच पोरगा उठला, म्हणाला ४५. मी पाच मोजले आणि फळ्यावर ४५ लिहिलं. आणखी कुणाचं काय? ३५ आलं, तेही लिहिलं. मग म्हटलं दोन उत्तरं आलीत, कसं केलं ते सांगा बरं. सगळे गप्प. पोरांना माहितीये ना, बाई "कसं केलं" विचारतात म्हणजे चुकलंय.

मग तो म्हणाला, "बाई तुम्हीच सांगितलंय की, मोठ्यातनं लहान जातो. तीनातनं आठ जात नाहीत म्हणून आठातनं तीन काढले."

मी तिथेच उभी. कारण खरंच मी सांगितलंय. ही पोरं पहिलीला माझ्याकडे होती, आणि पहिलीत एक अंकी वजाबाकी शिकवताना मी हेच घोकून घेतलं होतं, "मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची", तालासुरात, टाळ्या वाजवून. तो पोरगा चुकत नव्हता, तो माझं ऐकत होता. पाचही जणं ऐकत होती! बरोबर उत्तर देणाऱ्या मुलीला विचारलं तर तिने काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवला, एक दशक मोकळा केला, तेरा सुट्या काड्या, त्यातून आठ काढल्या. तो पोरगा बराच वेळ गठ्ठ्याकडे बघत होता, मग म्हणाला "म्हणजे मोठ्यातनंच काढलं, पण पूर्ण त्रेसष्ट मोठा." हे त्याचेच शब्द आहेत, मी तीनदा मागे नेऊन ऐकले.

परिषदेत दोन्ही तुकडे लावले, आधी खोडरबरचा, मग हा, मिळून चार मिनिटं. पेनड्राइव्ह माझ्याकडे. केंद्रातला माणूस यांचा नियम साहेबांना आधी सांगितला होता, त्यांनी कबूल केला. पहिल्यांदा एक जण म्हणालेच, "मॅडम फळा छान". मग शांतता. मग आमच्याच केंद्रातले एक ज्येष्ठ गुरुजी, पुढच्या वर्षी रिटायर होतायत, ते म्हणाले की हे वाक्य मीपण म्हणतो, पस्तीस वर्षं म्हणतोय. मग दुसरे म्हणाले मीपण. हात वर करायला लावले तर २२ पैकी १७. त्यानंतर पाऊण तास फक्त एवढीच चर्चा की मग पहिलीत म्हणायचं काय, चहा गार झाला, अजेंड्यावरचे उरलेले तीन विषय राहूनच गेले.

"समजलं का" परत मोजलं, १९ वर आलंय. चौथी अजून मोकळीच बसते, शेळी तिथंच आहे.

खडू_आणि_वैताग

ताई ते सगळं ठीक आहे, पण मग शेवटी ठरलं काय, पहिलीत म्हणायचं काय? माझ्याकडं यंदा पहिलीच आहे आणि मी हेच वाक्य काल म्हणून आलोय.

तिसरीचौथीच्या_बाई

ठरलं नाही हो सर. दोन गट पडलेत. एक म्हणतो वाक्यच नको, आधी काड्या मांडायला लावा आणि "यातून किती काढायच्यात" एवढंच विचारा. दुसरा म्हणतो पहिलीच्या पोरांना काहीतरी धरायला लागतं, वाक्य ठेवा पण "पूर्ण संख्या" हा शब्द घाला. आमच्या पहिली-दुसरीच्या सरांनी पहिलं धरलंय, पुढच्या परिषदेला ते त्यांचा तुकडा आणणार आहेत. तुम्हीपण कोपऱ्यात मोबाईल लावून बघा ना, नाही पाठवलात तरी चालेल, नुसतं इथे लिहा पोरं काय म्हणाली ते.

खडू_आणि_वैताग

स्टोरेज फुल आहे. पोरीच्या वाढदिवसाचे व्हिडिओ काढावे लागतील आधी. बघतो सोमवारी.